बॅकअपच्या यादीतली ०४/०५ म्हणजे नक्की कुठली तारीख?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात सायबर फसवणुकीची, कॉम्प्युटर लॉक करून पैसे मागणाऱ्यांची बातमी आली की शेवटी एक ओळ हमखास असते, डेटाचा बॅकअप घ्या. बरोबरच आहे, आणि लोक आता घेतात पण. मी सोलापुरात छोटे कारखाने, सीएंची ऑफिसं, दवाखाने यांच्या कॉम्प्युटरची कामं बघतो त्यामुळे रोज दिसतं, पूर्वी पेनड्राइव्हवर कॉपी मारून ड्रॉवरमध्ये टाकायचे, आता बऱ्याच जणांकडे रात्री आपोआप चालणारं बॅकअप सॉफ्टवेअर आहे, सकाळी हिरवी टिक दिसते आणि सगळे निवांत. पण बॅकअप असणं वेगळं आणि पाहिजे त्या दिवसाचा डेटा परत आणता येणं वेगळं, आणि या दोघांच्या मध्ये एक अगदी बारीक गोष्ट बसलेली असते जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सॉफ्टवेअरच्या यादीत तारीख कशी दिसते ती गोष्ट. आधी दिवस मग महिना, का आधी महिना मग दिवस.

एवढ्याशा गोष्टीसाठी पेपरला पत्र कशाला असं वाटेल, म्हणून काय झालं ते सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे, नाव नको. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या बिलिंगच्या डेटात काहीतरी गडबड झाली, आदल्या दिवशीच्या बऱ्याच एंट्र्या उडाल्या होत्या, तेव्हा ४ मेचा बॅकअप परत टाकायचा असं ठरलं. निर्णय बरोबर होता. अकाउंट बघणाऱ्या ताईंनी बॅकअपचं सॉफ्टवेअर उघडलं, यादी समोर आली, त्यात त्यांनी ०४/०५ शोधली आणि ती सापडली. सिलेक्ट केली, रिस्टोअर दाबलं, शंभर टक्के पूर्ण झालं असा मेसेज पण आला. आता ते सॉफ्टवेअर तारखा अमेरिकन पद्धतीने दाखवत होतं, म्हणजे ती ०४/०५ होती ५ एप्रिल. खरी ४ मे वरच्या बाजूला ०५/०४ म्हणून बसलेली होती, आणि ती बघून कुणालाही ५ एप्रिलच वाटणार. कुणी म्हणेल मध्ये ०४/३०, ०४/२९ अशा ओळी गेल्या असतील त्यावरून कळायला पाहिजे होतं, तिसावा महिना असतो का. पण गेटवर ट्रान्सपोर्टची गाडी उभी, मालक पाठीमागे येऊन थांबलेले, फोन वाजतोय, अशा वेळी माणूस आपल्याला हवी ती तारीख शोधतो आणि सापडली की थांबतो, वरच्या-खालच्या ओळींचा अभ्यास करत बसत नाही.

कळलं कधी, तर पुढची बिलं निघाल्यावर. नवीन आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू झालेलं, त्यामुळे ५ एप्रिलच्या डेटात बिलांचे नंबर अगदी सुरुवातीचे होते आणि सॉफ्टवेअरने इमानदारीत त्याच्यापुढचे नंबर द्यायला सुरुवात केली. म्हणजे एप्रिलमध्ये एका पार्टीला गेलेला बिल नंबर मे महिन्यात दुसऱ्याच पार्टीच्या बिलावर छापून माल गाडीत चढला. जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच वापरता येतो. मग ती बिलं परत मागवा, रद्द करा, पार्ट्यांना फोन करून समजवा, सगळा महिनाभराचा डेटा पुन्हा बरोबरच्या बॅकअपमधून आणा आणि मधल्या काळातली एंट्री हाताने टाका. नशीब एवढंच की खरा ४ मेचा बॅकअप जागेवर होता. तो जर जुना म्हणून पुसला गेला असता तर काय केलं असतं मला खरंच सांगता येत नाही.

त्या ताईंना सगळे बोलले. मला ते अजिबात पटलं नाही आणि तिथेच मी तसं सांगितलं. आयुष्यभर शाळेत, बँकेत, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत आपण दिवस आधी लिहितो आणि महिना नंतर, त्यांनी तारीख आपल्या सगळ्यांसारखीच वाचली. चूक त्या स्क्रीनची आहे आणि ज्याने ते सॉफ्टवेअर बसवून नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करून बिल फाडलं त्याची आहे.

हा घोळ किती दिवसांना लागू होतो याचा हिशोब सोपा आहे. तारखेतला दिवस १३ किंवा त्याच्यापुढचा असला की कुठल्याही क्रमाने लिहा, कळतं. १ ते १२ मध्ये असला की दोन्ही वाचता येतात. बारा महिन्यांचे बारा-बारा दिवस म्हणजे १४४, त्यातले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे दिवस आणि महिना सारखाच असलेले १२ सोडले तर राहिले १३२. वर्षातले १३२ दिवस असे आहेत की ज्यांचा बॅकअप दुसऱ्याच एका खऱ्या तारखेच्या नावाने यादीत दिसू शकतो, आणि ते सगळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले. आपल्याकडे पगार, टीडीएस ७ तारखेला, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न ११ तारखेला, सगळी धावपळ त्याच दिवसांत असते. म्हणजे डेटाला सगळ्यात जास्त हात लागतात तेव्हाच तारखा सगळ्यात जास्त फसव्या.

सोलापूरकरांना हे चटकन कळेल असं सांगतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली १४/१ जगात कुठेही नेली तरी १४ जानेवारीच राहते कारण चौदावा महिनाच नाही. पण आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली तो दिवस, १२/१/१९३१, अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरला दाखवा, तो बिनधास्त १ डिसेंबर म्हणेल. आणि एरर वगैरे काही येणार नाही. एरर आली असती तर माणूस थांबला असता, इथे मशीन पूर्ण खात्रीने चुकीचं सांगतं आणि आपण पुढे जातो. ज्या गावातून दाते पंचांग निघतं आणि अख्खा महाराष्ट्र ज्यावरून तिथी-मुहूर्त बघतो त्या गावातल्या ऑफिसांत तारीख अशी वाऱ्यावर सोडलेली असावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे होतं कशामुळे तेही सांगतो. आपल्याकडे असेम्बल मशीनवर विंडोज टाकतात ते बऱ्याच वेळा अमेरिकन इंग्लिशच्या कॉपीवरून, आणि सेटअपच्या अगदी पहिल्या स्क्रीनवर टाइम अँड करन्सी फॉरमॅट म्हणून एक खाना असतो त्यात आधीच इंग्लिश युनायटेड स्टेट्स भरलेलं असतं. तिथे इंग्लिश इंडिया निवडायला पाच सेकंद पुरतात पण घाईत कुणी बघतच नाही. मग बरीचशी बॅकअप सॉफ्टवेअरं तारखेसाठी विंडोजलाच विचारतात आणि विंडोज सांगतं महिना आधी.

बदलायचं कसं तर कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडायचं, अॅडिशनल सेटिंग्ज, त्यात डेटचा टॅब, त्यात शॉर्ट डेट. तिथे आपल्याला पाहिजे तसं टाइप करता येतं. माझं म्हणणं असं आहे की नुसतं दिवस-महिना-वर्ष करून थांबू नका, महिना अक्षरात आणा. म्हणजे दोन डी, डॅश, तीन एम, डॅश, चार वाय, यातले एम कॅपिटल आणि बाकीची अक्षरं लहान. मग यादीत ०४-मे-२०२४ असं दिसायला लागतं आणि वादच मिटतो. बरेच जण म्हणतात आपला भारतीय क्रम लावला की झालं की, कशाला अक्षरं. नाही होत. कारण एका ऑफिसात सर्व्हर एक, लॅपटॉप दुसरा, मालकाच्या घरचा पीसी तिसरा, एकावर भारतीय क्रम आणि दुसऱ्यावर अमेरिकन, आणि ०४/०५ दोन्हीकडे दिसते तशीच दिसते, आपण कुठल्या मशीनसमोर बसलोय हे दरवेळी लक्षात ठेवायचं का? महिना अक्षरात असला की कुठल्याही मशीनवरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर आला तरी एकच अर्थ निघतो.

आता इथे एक अडचण आहे जिच्यात माझ्या धंद्यातली चांगली चांगली मुलं पण अडकतात. वर सांगितलेलं सगळं करूनही बॅकअपच्या लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः लिहितं त्या कामाच्या नोंदींत, जुनीच अमेरिकन तारीख येत राहते आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअरच खराब आहे. तसं नसतं. रात्रीचा बॅकअप आपल्या लॉगिनखाली चालत नाही, तो सर्व्हिस म्हणून, मागच्या मागे, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटखाली चालतो आणि त्या अकाउंटचं रीजन सेटिंग वेगळं असतं. तुम्ही बदललं ते फक्त तुमच्यापुरतं. त्याच रीजनच्या खिडकीत अॅडमिनिस्ट्रेटिव्ह नावाचा टॅब आहे, त्यात कॉपी सेटिंग्ज, तिथे वेलकम स्क्रीन अँड सिस्टिम अकाउंट्स यावर टिक करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. ही एक टिक राहिली की स्क्रीनवर एक क्रम आणि लॉगमध्ये दुसरा, म्हणजे आधीपेक्षा वाईट अवस्था. इन्स्टॉल करणाऱ्याला ही टिक केली का असं स्पष्ट विचारा.

मोठ्या ठिकाणी वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेची सोय वेगळी दिलेली असते. आयबीएमचं जे बॅकअप क्लायंट आहे, आता स्टोरेज प्रोटेक्ट म्हणतात, जुने लोक अजून टिवोली किंवा टीएसएम म्हणतात, त्याच्या ऑप्शन फाइलमध्ये डेटफॉरमॅट अशी एक ओळ टाकायची असते आणि पुढे आकडा. १ टाकला की महिना आधी, २ म्हणजे दिवस-महिना-वर्ष मध्ये डॅश, ३ म्हणजे वर्ष-महिना-दिवस, ७ म्हणजे आपलं स्लॅशवालं दिवस/महिना/वर्ष. पण ही ओळ बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे कमांड देऊन अमुक तारखेपर्यंतचा डेटा आणा असं सांगताना तारीख त्याच नव्या क्रमात टाइप करावी लागते, सवयीने जुन्या क्रमात टाकली की परत तोच गोंधळ. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, शेड्यूलच्या लॉगमधल्या जुन्या नोंदी ठराविक दिवसांनी काढून टाकायचं सेटिंग चालू असेल तर फॉरमॅट बदलल्यावर जुन्या फॉरमॅटमधल्या सगळ्या नोंदी साफसफाईत उडतात. म्हणून आधी लॉग फाइलची कॉपी बाजूला काढून ठेवायची आणि मगच हात लावायचा. त्यांच्या वेब क्लायंटला तर ही ओळ लागूच होत नाही, ते ब्राउझरच्या भाषेप्रमाणे तारीख दाखवतं, त्यामुळे एकच बॅकअप दोन खिडक्यांत दोन क्रमांनी दिसू शकतो.

विंडोजचं स्वतःचं डब्ल्यूबीअॅडमिन म्हणून बॅकअपचं कमांडवालं साधन आहे त्याची गोष्ट आणखी निराळी. त्यात प्रत्येक बॅकअपला जी ओळख दिलेली असते ती महिना/दिवस/वर्ष याच क्रमात असते, आणि वेळ आपली नसते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. समजा आपला बॅकअप ५ मेच्या पहाटे २ वाजता झाला, तर त्याची ओळख ०५/०४ आणि रात्रीचे २०:३० अशी येणार. आपल्याकडचा माणूस वाचणार ५ एप्रिल, अमेरिकन क्रम माहीत असलेला वाचणार ४ मे, आणि आपल्या घड्याळाप्रमाणे खरा दिवस ५ मे. एका ओळीत तीन तारखा! रात्री १२ ते साडेपाचच्या मध्ये बॅकअप लावणारे सगळे यात येतात आणि आपल्याकडे रात्रीच लावतात. विंडोजमधलीच फाइल हिस्टरी ही दुसरी बॅकअपची सोय वापरणाऱ्यांच्या पण फाइलच्या नावापुढे यूटीसीचीच वेळ लागते, पण निदान तिथे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो आणि पुढे यूटीसी असं लिहिलेलं तरी असतं.

वर्ष आधीचा हा क्रम म्हणजे आयएसओ ८६०१, १९८८ सालापासूनचं आंतरराष्ट्रीय मानक. फोल्डरला आणि फाइलला नाव देताना हाच वापरावा असं माझं ठाम मत आहे, कारण नावाप्रमाणे लावलं की तारखा आपोआप ओळीने लागतात. दिवस आधी ठेवून नावं दिली की १ एप्रिल, १ मे, १ जून शेजारी शेजारी येऊन बसतात आणि २ एप्रिल कुठेतरी खाली जातो. अॅपलच्या टाइम मशीनचे बॅकअप पण वर्षापासूनच नाव घेतात. म्हणजे फाइलच्या नावात वर्ष आधी, माणसाने वाचायच्या यादीत महिना अक्षरात, एवढं धरून ठेवलं तरी खूप झालं.

भीती एकच असते, सेटिंग बदललं तर जुने बॅकअप बिघडतील का. नाही बिघडत. सॉफ्टवेअर आतमध्ये तारीख स्वतःच्या पद्धतीने साठवतं, आपण बदलतो ते फक्त दिसणं, उद्या परत मागे फिरवलं तरी काही होत नाही. मात्र व्हीबी, फॉक्सप्रो अशा जुन्या प्रोग्रॅमिंगच्या साधनांत बनवलेली बिलिंगची प्रोग्रॅम आपल्याकडे अजून भरपूर चालतात, त्यातले काही विंडोजची शॉर्ट डेट वाचून त्यावर हिशोब करतात आणि त्यांना अक्षरातला महिना झेपेलच असं नाही. तिथे आधी एका मशीनवर करून बघा, एंट्री टाका, बिल काढा, रिपोर्ट काढा, आणि अडलं तर त्या मशीनवर दिवस/महिना/वर्ष ठेवून बॅकअपच्या जॉबच्या नावात महिना लिहा. कुणी स्क्रिप्ट लिहून लॉगमधून तारीख उचलत असेल तर ती पण तपासायला लागेल.

कायद्याच्या बाजूनेही आता हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. कंपनी म्हणून रजिस्टर असलेल्यांना ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो, आधी ठराविक काळाने चालायचं. आपल्याकडे बरेचसे कारखाने प्रोप्रायटरी किंवा भागीदारीतले, त्यांना हा नियम नाही, पण जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे आहेतच. चार-पाच वर्षांनी नोटीस आली आणि अमुक दिवसाचा डेटा काढा म्हटलं तर तेव्हा आजच्या ताई नसतील, मीही नसेन, यादी फक्त असेल. त्या वेळी ०४/०५ बघून नवीन माणसाने काय समजायचं?

म्हणून आपल्या पेपरमार्फत तीन-चार जणांना विनंती करतो. कॉम्प्युटर आणि बॅकअप विकणाऱ्या, बसवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी इन्स्टॉल करताना रीजन इंडिया करणं आणि सिस्टिम अकाउंटची ती टिक करणं हे कामाचा भाग समजावं, त्याचे वेगळे पैसे मागू नयेत. सीए मंडळींनी क्लायंटकडे गेल्यावर बॅकअप आहे का एवढंच न विचारता यादी उघडून एक तारीख मोठ्याने वाचायला सांगावी, महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली. कॉम्प्युटर क्लासेसवाल्यांनी टॅलीच्या कोर्समध्ये रिस्टोअरचा एक तास घ्यावा, बॅकअप कसा घ्यायचा शिकवतात पण परत कसा आणायचा हे फार थोड्या ठिकाणी करून दाखवतात. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, देशी असोत की परदेशी, रिस्टोअरचं बटण दाबल्यावर जो शेवटचा आर यू शुअरचा प्रश्न येतो त्यात तारीख अक्षरात आणि सोबत वार लिहावा. शनिवार, ४ मे २०२४ असं दिसलं असतं तर एमआयडीसीतलं ते प्रकरण झालंच नसतं, कारण ५ एप्रिलला शुक्रवार होता आणि वार माणसाच्या लगेच लक्षात येतो.

ज्यांच्याकडे बॅकअप चालू आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर यादी उघडून बघावी. या महिन्याच्या १२ तारखेच्या आतली एखादी ओळ घ्या आणि शेजारच्याला विचारा हा कुठला दिवस. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर ज्याने बसवलंय त्याला आजच फोन करा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कॉम्प्युटर-नेटवर्किंगची कामं करणारा,
सोलापूर